सासऱ्यांची दाढी

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे गारखेड्यातलं न्हाव्याचं दुकान उघडलं नव्हतं आणि माझे मालक वाळूजच्या कारखान्यातच अडकले होते. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. दाढी करूनच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासऱ्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते काम माझ्यावर आलं.

मालकांनी नुकतंच भारीतलं रेझर आणलं होतं. दांड्याचं चाक फिरवलं की पातं कमीजास्त बाहेर यायचं. चाकावर एक ते नऊ आकडे होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ते आधी माझ्या हातावर फिरवलं. दोनवर लव निघाली, पाचवर रक्त आलं. चाक पुन्हा दोनवर आणलं.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासऱ्यांसमोर मी तोंडावरचा पदर कधी वर केला नव्हता. दाढी करायला समोर बसले, तर पदराखालून मला त्यांची हनुवटीच दिसत होती. दोनवर खुंट निघेनात. चारवर केलं, तर पदरामुळं गाल कुठं संपतो ते दिसेना.

"सूनबाई, पदर सार मागं," ते म्हणाले. "डोळा उद्या डॉक्टर कापतील, तू नाक तेवढं राहू दे."

"मामा, लाज वाटती."

"मला कुठं दिसतंय? त्याच्यासाठीच तर चाललोय!"

मी पदर मागं टाकला, गाल बोटांनी ताणला आणि दाढी पुरी केली. कानापाशी एक ओरखडा आला, त्याचं रक्त तुरटीनं थांबलं.

सकाळी बंद उठला. नर्सनं त्यांचे गाल पाहिले आणि त्यांना आत घेतलं. आता पट्टी सुटली की ते मला बघणार, या विचारानं मी बाहेरच्या बाकावर सारखी पदर ओढत बसले.