नाव न सांगणारा बीकन

वसईकडच्या आगाशी गावात जगूभाऊ राऊतांच्या दारावर थाप मारून नुसतं "मी" म्हटलं, तर दार उघडत नसे. आतून त्यांची आई विचारी, "कोन?" बाहेरचा म्हणे, "मी." की म्हातारी पुन्हा, "मी कोन? मीला नाव नाय काय?" आवाज ओळखीचा असला तरी सुटका नव्हती. घरचा जावईसुद्धा पूर्ण नाव सांगून आत गेलेला मी पाहिला आहे. या प्रकाराला मी पोट धरून हसत असे. पुढे जगूभाऊंबरोबर मुंबईच्या विमानतळावर नोकरीला लागलो आणि माझं हसणं जरा कमी झालं.

जगूभाऊ केळीच्या नि पानवेलीच्या वाडीतले. घरातले बाकी सगळे मातीत राबणारे आणि हे एकटेच लढाईच्या दिवसांत बिनतारी संदेशाचं काम शिकून विमानतळावर गेलेले. पन्नास सालानंतर मीही शेजारच्या उमेळ्याहून त्यांच्याच कामाच्या खोलीत दाखल झालो. उड्डाणाआधी वैमानिक आमच्याकडे येत. वाटेतलं हवामान कसं आहे आणि कुठलं यंत्र बंद आहे, हे आम्ही त्यांना सांगायचं. बंद यंत्रांची नावं जगूभाऊ भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लाल खडूने लिहीत. अक्षर पंतोजींनी पाटीवर घालून द्यावं तसं.

यंत्रांत मुख्य म्हणजे बीकन. जमिनीवर उभारलेला रेडिओच तो. ढगांत काही दिसेनासं झालं की वैमानिकासमोरची सुई या बीकनकडे वळते आणि वाट दाखवते. शिवाय प्रत्येक बीकन थोड्या थोड्या वेळाने टिकटिक करून आपल्या नावाची अक्षरं सांगत राहतो. दुरुस्ती चालू असली की ही नावाची टिकटिक काढून ठेवतात. नुसता सूर तेवढा अधूनमधून येत राहतो.

फळा वाचून सही केली की काम झालं, असं वैमानिकांना वाटे. जगूभाऊ मात्र सहीचा कागद हाताखाली धरून चष्म्यावरून बघत. "वाचलंत, छान झालं. आता करणार काय, ते सांगा." मोठमोठे कप्तान चडफडत, पण सांगत. नीट सांगितलं तर जगूभाऊ खणातून घरी वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा, पुडा काढून पुढे करीत. बंद बीकनबद्दल त्यांचं एकच म्हणणं असे, "बंद म्हणजे नाही. बोलला तरी नाही."

एका पावसाळ्यात आमचा उत्तरेकडचा बीकन दुरुस्तीसाठी बंद होता. सकाळी नवे साहेब खोलीत आले, कानाला यंत्र लावलं आणि म्हणाले, "सूर येतोय की! फळा पुसा. उगाच वैमानिकांना घाबरवू नका." हुकूमच तो. मी डस्टर उचललंदेखील. आज लिहितानाही माझी मला लाज वाटते.

"ठेव ते खाली," जगूभाऊ म्हणाले. त्यांनी स्वतः पाच मिनिटं ऐकलं. "सूर आहे साहेब, नाव नाही. दुरुस्ती झाल्याचं लेखीही आलेलं नाही."

"तुम्ही माझा हुकूम मोडताय."

"पुसायचंच असेल तर आपण पुसा. आणि खाली सही करा."

साहेबांनी फळ्याला हात लावला नाही. कामावरून का कमी करू नये, याचा संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा मात्र मागितला. जगूभाऊंच्या पगारावर घरातली नऊ माणसं होती.

हे सगळं कप्तान देवधर दारात उभे राहून ऐकत होते. ते अहमदाबादला जाऊन दुपारी परतणार होते. "अहो, सूर येतोय तर घ्यावा की उपयोगात," ते म्हणाले.

जगूभाऊंनी त्यांना बसवलंच. "सुई त्याच्यावर लावायचीच नाही. घड्याळ आणि होकायंत्र धरून या. विमानतळाला विचारून दिशा घ्या. खाली उतरायचं ते समुद्रावर, डोंगराकडे वळायचं नाही. आणि काही दिसलं नाही तर परत जाता येईल एवढं पेट्रोल आत्ताच भरून घ्या. आता तुम्ही सांगा." देवधरांनी दात ओठ खात सगळं म्हणून दाखवलं.

दुपारी ढग ताडांच्या शेंड्यांवर आले. जगूभाऊंनी खुलासा लिहून टाकला होता. एकच ओळ: "यंत्राने आपले नाव सांगितले नाही." मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. विमान यायची वेळ झाली, टळून गेली. सुकेळ्यांचा पुडा टेबलावर तसाच पडला होता.

अखेर विमान उतरलं. देवधर भिजल्या बुटांनी थेट आमच्या खोलीत आले. "मोह आवरला नाही," ते म्हणाले. "सुई लावून बघितली. ती ठामपणे डावीकडे, तुंगारेश्वराच्या डोंगरावर. ऐकलं, तर नाव नाही. तुमचं आठवलं आणि समुद्रावरच राहिलो. खाली आलो तर समोर अर्नाळ्याचा किल्ला! किनारा धरून आलो." त्यांनी टेबलावरचा खुलासा वाचला आणि त्या ओळीखाली आपली सही केली. तो कागद वर गेला तो पुन्हा कधी खाली आला नाही. आमच्या वसईच्या मातीतला माणूस म्हणून माझी छाती त्या दिवशी जी फुगली, ती आज जगूभाऊ नसतानाही तशीच आहे.

पुढच्याच रविवारी देवधर मला घेऊन आगाशीला आले. दाराची रीत मला ठाऊक होती, पण गंमत बघायला मी मुद्दाम गप्प राहिलो. कप्तानांनी थाप मारली.

"कोन?"

"मी!"

"मी कोन? मीला नाव नाय काय?"

देवधर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि शाळेतल्या मुलासारखं सरळ उभं राहून म्हणाले, "श्रीधर वामन देवधर. विमान चालवतो. तुमच्या मुलामुळे बावीस माणसं घेऊन सुखरूप उतरलो, आई."

कडी निघाली. म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ये बाबा आत," ती म्हणाली. "नाव आधी सांगायला काय झालेलं?"