वर सरकत गेलेल्या ओळी

हे आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळसुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तेही नीट सांगता येणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आंबीजवळच्या एका कारखान्यात मी मुंबईच्या ऑफिसातून येणारे निरोप घ्यायचे. माझ्यापुढे पडद्याचं यंत्र होतं, टर्मिनल. त्याच्या पाठीमागच्या जोडणीतून एक वायर प्रिंटरला गेलेली. छपाईचं बटण चालू असलं, तर पडद्यावरची ओळ कागदावर उतरायची. बंद असलं, तर ओळी वर वर सरकत जायच्या — आणि गेल्या की गेल्या.

बटण बंद ठेवायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती. मी ठेवायचे. प्रिंटर फार खडखडायचा, आणि तो थांबला की खोली कशी पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची... भादव्यातलं धुकं खाचरांवरून खिडकीशी यायचं, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटायची, तरंगत वर जायची. मी नुसती बघत बसायचे. जागी होते की झोपेत — कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

अशाच एका दुपारी त्यात बुधाचं नाव तरंगत आलं. बुधा आमच्याकडे माल उचलायला होता, कार्ल्याच्या वरच्या वाडीतला. त्याचा धाकटा भाऊ सोमा मुंबईच्या ऑफिसात शिपाई; आईला त्यानंच तिकडे इस्पितळात ठेवलं होतं. आई तुझं नाव घेते आहे, मिळेल त्या गाडीनं ये — एवढाच निरोप. वाचता वाचता तो वर गेला.

बटण बंद होतं. कागद नव्हता.

तोंडानं सांगायला कागद कशाला हवा होता? पण साहेबांनी कागद मागितला असता, आणि मी — मी खुर्चीतच बसून राहिले. पुन्हा येईल निरोप, असं स्वतःला सांगत. थोड्या वेळानं बुधाच खिडकीशी आला.

"ताई, म्हमईचं काय आलं का?"

"नाही. काही आलं नाही."

बरं म्हणून तो कामाला गेला. मुंबईची गाडी मिळण्याइतका वेळ तेव्हा होता.

दुसऱ्या सकाळी आई गेल्याचा निरोप आला. तो मी छापला.

आईचे दिवस उरकून बुधा कामावर आला. "सोमा म्हंतो, आदल्या दुपारीच सांगावा धाडलावता. आलावता का, ताई?"

मी पुन्हा नाही म्हणाले.

"वाटलंच," तो म्हणाला. "तुमी कशाला खोटं बोलाल?"

दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. सोमा शपथा घेत राहिला. वाडीत कुणी त्याचं ऐकलं नाही. लेकीच्या लग्नालाही बुधानं त्याला बोलावलं नाही. मला मात्र दर उन्हाळ्यात पानाच्या द्रोणातून करवंदं आणून द्यायचा. मी घ्यायचे — खायचेसुद्धा.

आता दोघंही नाहीत. सोमा खरं बोलत होता. निरोप आला होता, आणि मी तो शेवटच्या शब्दापर्यंत वाचला होता.