एका रिमेचं ऊन

भिमाबाईंना मी एकदा कामावरून हाकललं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की रंगनाथशेठनं स्वतःची बाजू झाकली. माझं डोकं पहिल्यापासून तापट. बायको म्हणते, तुमच्या नाकावर माशी बसायला भिते. असेल.

रविवार कारंजाच्या मागच्या बोळात माझं बाइंडिंगचं दुकान होतं. वह्या, चोपड्या, पावतीपुस्तकं, आणि वर्षातून दोन-चार खरी पुस्तकं. छापखान्यातून मोठमोठे छापील ताव यायचे, एकेका तावावर सोळा पानं, म्हणजे एक फर्मा. त्याला नीट घड्या घातल्या की पानं ओळीनं लागतात. याला आम्ही फर्मा मोडणं म्हणतो. ते काम चार बायका करायच्या आणि त्यांत भिमाबाईंचा हात सगळ्यांत सफाईचा. लाकडी पट्टी एकदा फिरवली की घडी अशी बसायची की बोटाला कळू नये.

खोड एकच. बाई वाचायच्या! ताव समोर आला की आधी डोळे फिरणार, मग हात. सहावीपर्यंत शिकलेल्या, पण वाचनाचा नाद जबरदस्त. द्वारका चौकाच्या पुढं त्यांची वस्ती. तिथल्या विहारात रविवारी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं काम यांच्याकडेच होतं. नवरा सावळीराम कारखान्यात. तो म्हणायचा, "शेठ, आमच्या घरी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत जात नाही." मी दिवसातून पन्नास वेळा ओरडायचो, "भिमाबाई, हात चालवा! तुम्हाला परीक्षेला बसायचं नाही!" त्या हसायच्या आणि वाचायच्या.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं. गावात दुसरा विषय नव्हता. पाण्यात तुळशीपत्र टाकायचं की दर्भ, गरोदर बाईनं विळी धरायची की नाही, यावर बोळात भांडणं लागायची. कॉलेजातले बागूल सर या सगळ्याला वैतागले होते. सटाण्याकडचा माणूस, पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी साध्या मराठीत एक जाडजूड पुस्तक लिहिलं. सूर्य, तारे, प्रकाश, विश्व कसं झालं, सगळं. ग्रहणाच्या आधी ते लोकांच्या हातात पडायला हवं, हा त्यांचा हट्ट. एक हजार प्रती आणि मला मुदत बारा दिवसांची.

आता झालं काय, फर्मे छापखान्यातून ओळीनं येत नव्हते. आधी दुसरा आला, मग पाचवा, मग पहिला. भिमाबाईंनी अख्खं विश्व असं उलटसुलट वाचायला घेतलं. पण काय रंगल्या होत्या! घडी घालता घालता मध्येच ओरडायच्या, "अगं मालन, ऐक! प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. तू 'अगं' म्हणेस्तोवर पृथ्वीला सात फेऱ्या!" मालनबाई म्हणायची, "मग माझं 'अगं' राहू दे आणि तू फर्मा दे." सगळ्या खदखदून हसायच्या. खरं सांगू? मीही गल्ल्यावरून कान टवकारून ऐकायचो. दाखवत नव्हतो एवढंच.

मग एके सकाळी बाई ताडकन उठल्या. "शेठ, सरांनी खोटं छापलंय! हे बघा, पाचव्या फर्म्याची पहिलीच ओळ. पृथ्वी जागची हलत नाही, सूर्य आणि तारे तिच्याभोवती फिरतात!" मी वाचलं. खरंच तसं होतं. सायकल काढली आणि घाम गाळत थेट सरांच्या घरी, कॉलेज रोडला. सरांनी ताव पाहिला आणि पोट धरून हसायला लागले. "अहो रंगनाथशेठ, चौथा फर्मा अजून छापून व्हायचाय. त्याची शेवटची ओळ आहे, 'हजारो वर्षं माणसं असं समजत होती की'!" शेजारचे दोन प्राध्यापक होते, तेही हसले. मी त्या दिवशी इतका खजील झालो की परतताना सायकल हातात धरून चालत आलो. दुकानात आल्यावर भिमाबाईंना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाई बिचाऱ्या मान खाली घालून म्हणाल्या, "चुकले शेठ. शेंडा वाचला, बुडखा नव्हता ना."

चार दिवसांनी नववा फर्मा आला. ग्रहणाला आठवडा उरलेला. दुपारची वेळ, बायका नुकत्या जेवून बसलेल्या. भिमाबाईंनी एक ताव घेतला, वाचला आणि पट्टी खाली ठेवली.

"शेठ, हा फर्मा मी मोडणार नाही."

"काय?"

"यात चूक आहे. सर म्हणतात, सूर्य आत्ता विझला तर आपल्याला त्र्याऐंशी मिनिटांनी कळेल. तसं नाही होत. आठ मिनिटांनी कळेल."

डोक्यात सण्णकन तिडीक गेली. "पुन्हा? सर एम.एस्सी. झालेत बाई! तुम्ही कोण?"

"मी कुणी नाही. पण दुसऱ्या फर्म्यात त्यांनीच दिलंय, सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब. प्रकाश सेकंदाला तीन लाख. शेठ, एक ताव म्हणजे एक सेकंद धरा, म्हणजे तीन लाख किलोमीटर. पंधरा कोटी व्हायला किती ताव लागतील? पाचशे. एक रीम! सरांनी दहा रिमा धरल्यात."

लाख-कोटी आले की मी गांगरतो. त्यात सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कॉलेज रोडवरचं हसू माझ्या कानात अजून वाजत होतं. म्हटलं, "मोडायचा असेल तर मोडा, नाहीतर घरी जा. उद्यापासून येऊ नका."

वाटलं, बाई वरमतील. त्यांना कामाची गरज नव्हती असं थोडंच होतं? पण त्यांनी पदर झटकला, पट्टी कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "ग्रहण बघायला हे पुस्तक पोरांच्या हातात जाणार, शेठ. माझ्या हातानं खोटं नाही जाणार." आणि गेल्या. नऊ वर्षांचं काम, मागे वळूनही पाहिलं नाही.

मालनबाई माझ्याकडे बघेना. मी उगाच कटिंग मशीन पुसलं, खळीचं भांडं हलवलं. शेवटी राहवेना. कोऱ्या कागदाची एक रीम फोडली, दारातल्या उन्हात स्टुलावर ठेवली आणि केरूला म्हटलं, "घड्याळाकडं बघ. सेकंदाला एक म्हण." केरू माझा शिलाईवाला, पन्नाशीचा माणूस. त्याला वाटलं शेठला ऊन लागलं. पण म्हणू लागला आणि मी त्याच्या तालावर एकेक ताव उलटू लागलो. एक ताव, तीन लाख. दुसरा, सहा लाख. शंभर ताव झाले तेव्हा मी चमकलो. शंभराचे तीन कोटी! अरेच्चा, हे तर मलाही जमतंय! दोनशेंचे सहा. बायका कामं टाकून भोवती आल्या. तीनशे, नऊ. चारशे, बारा. मालनबाईच मोजायला लागली, मोठमोठ्यानं. शेवटचा ताव उलटला आणि मी ओरडलो, "पंधरा कोटी!"

केरू म्हणाला, "आठ मिनिटं वीस सेकंद, शेठ."

माझ्या हातावर ऊन पडलं होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अहो, मी पहिला ताव उलटला तेव्हा हे ऊन सूर्यावरून निघालं होतं! मी रीम मोजत होतो आणि ते वाटेत होतं, आणि आत्ता, या घडीला, माझ्या बोळात, माझ्या मनगटावर पोचलं! चाळीस वर्षं या उन्हात मी कागद वाळवले, आणि एकदाही विचारलं नाही की बाबा, तू निघालास कधी?

पुन्हा सायकल. पुन्हा कॉलेज रोड. या वेळी सरांपुढं तावच आपटला. "सर, रीम एक की दहा?" त्यांना आधी कळेना. मग पेन्सिल घेतली, आकडे मांडले आणि चेहरा पांढरा पडला. घाईत माणूस आपल्या घरच्या बोलीवर येतो. "हाई काय व्हयनं! हे काय झालं!" म्हणाले, "एक शून्य जास्त पडलं. माझंच. प्रुफं मीच दोनदा वाचली हो!" मग म्हणाले, "कुणी धरलं हे?"

"भिमाबाईंनी. आमच्याकडे फर्मे मोडतात."

"कुठे आहेत त्या?"

"घरी. मी हाकललं."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे बाप असते तर कानाखाली वाजवली असती. दोघं सायकली दामटत वस्तीत पोचलो. भिमाबाई नळावर भांडी घासत होत्या. सरांनी तिथंच, बायकांच्या रांगेसमोर, हात जोडले. "बाई, चूक माझी होती. तुमचं बरोबर होतं. फर्मा पुन्हा छापतो."

बाई राखेच्या हातांनीच उठल्या. मला वाटलं रडतील, नाहीतर मला बोलतील. हक्कच होता त्यांचा. पण त्यांचे डोळे असे चमकले! "मग सर, ते दुसरं सांगा. तुम्ही लिहिलंय, काही तारे विझले असतील तरी आपल्याला दिसतात. म्हणजे रात्री आपण बघतो ते कधीचं बघतो? आणि सगळ्यात लांबचं काय? त्याच्या पलीकडं काय?" सर नळाच्या कट्ट्यावर बसले आणि सांगायला लागले. बादल्या भरून वाहिल्या, कुणाचं लक्ष नव्हतं.

मी आपला उभा. माफी मागायची सवय नाही हो. शेवटी मध्येच तोंड घातलं, "ते राहू द्या. भिमाबाई, माझं चुकलं. उद्या कामावर या."

त्या माझ्याकडे वळल्या. हसल्या नाहीत. "येईन, शेठ. पण मोडता मोडता मी वाचणार. हात थांबला तरी ओरडायचं नाही. कबूल असेल तर येते, नाहीतर माझं घर बरं."

सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ग्रहण आठवड्यावर, फर्मा परत छापायचा, हजार प्रती शिवायच्या. आणि ही बाई अट घालते!

म्हटलं, "वाचा. पण मनात नको, मोठ्यानं वाचा. मलाही ऐकायचंय."