खुशालराव समुद्राकाठी झोपले

बडनेऱ्यात आमच्या घरामागच्या ओळीत खुशालराव राहतात. ते रेल्वेत चाबीवाले होते. रोज सकाळी हातोडा घेऊन रुळांवरून दहा-बारा किलोमीटर चालायचं, ढिली झालेली चाबी ठोकून घट्ट करायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'हं' आणि 'नाही' एवढेच शब्द तोंडातून निघायचे, तेही कधी उलटेसुलटे.

त्याला आता आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत खुशालराव वेणी घालायला शिकले, पातळ वरण करायला शिकले, बायकोला न उठवता अंथरूण बदलायला शिकले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी सुभद्राबाईंची कूस बदलावी लागायची. त्यासाठी मोबाइलचा गजर लावलेला असायचा. सलग झोप म्हणजे काय, हे ते विसरून गेले होते. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्याशी बोलतानाही त्यांचे डोळे मिटायचे आणि उघडले की ते म्हणायचे, "हां, मंग?"

त्यांची मुलगी आचल अंदमानात सरकारी शाळेत शिक्षिका आहे. मागच्या दिवाळीत ती घरी आली होती. एका दुपारी खुशालराव बायकोला वरण-भात भरवत होते. भरवता भरवताच त्यांना झोप लागली. चमचा कलंडला, भात सुभद्राबाईंच्या गळ्यावरून आत गेला. त्या "नाही, नाही" म्हणत होत्या आणि हे चमचा धरून बसल्या जागी झोपलेले. आचलनं हे दारातून पाहिलं. तिनं आईला पुसलं, चोळी बदलली आणि मग वडिलांना हलवून उठवलं.

"बाबा, नाताळच्या सुट्टीत तुमी माह्याकडे या राहाले," ती म्हणाली.

"आन तुह्या मायले कोन पाहीन?"

"मावशी येईन. मी बोलली तिच्याशी."

मावशी म्हणजे सुभद्राबाईंची धाकटी बहीण पार्बताबाई. नांदगाव खंडेश्वरला एकट्याच राहतात. त्या खरंच आल्या. खुशालरावांनी कॅलेंडरच्या पानामागं सगळं लिहून दिलं: गोळ्या, वेळा, कोणत्या कुशीवर किती वेळ. पार्बताबाईंनी ते पान हातात घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते माही बहीन हाय. जा तुमी."

आचलला वाटलं होतं, वडिलांना आपल्या तिथल्या शहरातल्या घरात ठेवलं तर ते तासातासाला फोन करत बसतील. म्हणून ती त्यांना बोटीनं एका लहान बेटावर घेऊन गेली. तिथं वन खात्याचं राखीव जंगल होतं आणि समुद्राच्या अगदी काठाला तंबू टाकायची परवानगी मिळायची. वीज नाही, फोनला रेंज नाही. एक विहीर, दगडांची चूल, पत्र्याचा संडास. झाडं इतकी उंच की बुंध्याशी दुपारीही संध्याकाळ वाटावी. त्या आठवड्यात हे दोघं आणि सकाळ-संध्याकाळ फेरी मारणारा एक चौकीदार, एवढीच माणसं बेटावर होती.

दोन तंबू उभे करून होईपर्यंत अकरा वाजले. "पाठ जराशी सरळ करतो," म्हणून खुशालराव आत गेले. आचलनं घरून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी केल्या, बेसन केलं आणि हाक मारली. उत्तर आलं नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. तिनं दोनदा आत जाऊन नाकापाशी बोट धरून पाहिलं.

ते उठले दुसऱ्या दिवशी पहाटे. तिकडं साडेपाचलाच उजाडतं. त्यांनी मला सांगितलं, "डोया उघडला न मी पहिले हात टाकला बाजूले, कूस बदलाले. हाताले वाळू लागली. मले समजेच ना मी कुठी हाओ."

धडपडत ते बाहेर आले. आचल चुलीपाशी चहा करत होती.

"फोन दे."

"इथं फोन लागत नाही, बाबा. काल बोटीत बसताना बोललो ना. आई चांगली आहे."

"कालच्यानं काय होते? आज काय झालं कोनाले मालूम?"

बोट आणखी दोन दिवसांनी येणार होती. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून खुशालराव चालायला लागले. समुद्राच्या काठानं, मान खाली घालून, रुळावर चालावं तसे. आचल मागोमाग गेली. शंख पाठीवर घेतलेले खेकडे त्यांच्या पायांसमोरून पळत होते. एका आडव्या पडलेल्या झाडापाशी ते थांबले आणि त्याच्यावर बसले. तिथं ते काय बोलले, हे त्यांनीच मला पुढं ओट्यावर सांगितलं.

"आचल, तुले एक सांगतो. कोनाले सांगू नको."

"सांगा."

"कदी कदी मले वाटते, ते आता सुटली पाह्यजे. गजर वाजला का वाटते, उठावं न ते गेलेली असावी. तिच्या सुटकेसाठी वाटते का माह्या, ते मले समजत नाही. मंग मी तिची वेनी घालतो, तं मले माह्या हाताची लाज वाटते."

आचल त्यांच्या शेजारी बसली.

"मलेबी वाटलं होतं, बाबा," ती म्हणाली. "मी तं तिच्याजवळ राहतबी नाही, तरी वाटलं."

नंतर खुशालराव तंबूत जाऊन परत झोपले. दुपारी उठून जेवले, संध्याकाळी पुन्हा झोपले. दोन दिवस हेच चाललं. चौकीदारानं पलीकडच्या बाजूला पोवळी दिसतात म्हणून सांगितलं, ती पाहायलाही ते गेले नाहीत. अंगात इतका शीण होता की झोपेतून उठल्यावर आणखीच थकल्यासारखं वाटायचं, असं ते म्हणाले.

परतीची बोट शहराच्या किनाऱ्याजवळ आली आणि फोन वाजला. पार्बताबाई होत्या. "बाई चांगली हाय. दोन टाइम जेवते. काल हासली," त्या म्हणाल्या.

"हासली?" खुशालराव म्हणाले. मग त्यांनी फोन आचलच्या हातात दिला.

घरी परतल्यावर त्यांना दिसलं की पलंग जागेवर नाही. मोरीजवळच्या आतल्या खोलीतून पार्बताबाईंनी तो शेजाऱ्यांच्या मदतीनं पुढच्या दारापाशी आणला होता. सुभद्राबाई उशीला टेकून रस्त्यावरची माणसं पाहत होत्या. धुवा-पुसायला सोपं म्हणून खुशालरावांनी आठ वर्षं पलंग आतच ठेवला होता. बाहेर आणायचं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. ते बायकोजवळ गेले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दोन दिवस तिनं त्यांच्या हातचं खाल्लं नाही. ताट पुढं केलं की "नाही." तिसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं. खुशालरावांनी भरवलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले, हे मला पार्बताबाईंनी सांगितलं.

निघताना पार्बताबाई म्हणाल्या, "मी दर दोन महिन्यानं येत जाईन. आठ दिवस."

"मी कुठीच जानार नाही आता," खुशालराव म्हणाले.

"नका जाऊ. आतल्या खोलीत झोपत जा."

आता तसंच चाललं आहे. पार्बताबाई येतात ते आठ दिवस खुशालराव ओट्यावर दिसत नाहीत. बाकीचे दिवस गजर वाजतो, ते उठतात, कूस बदलतात. सुभद्राबाई दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याकडं पाहतात. मी परवा गेलो तेव्हा त्या मला पाहून "हं" म्हणाल्या. खुशालराव त्यांची वेणी घालत होते. "बसा," ते मला म्हणाले, "एवढी वेनी होऊ द्या."