मोरव्याच्या बांधावर रांगताना

कानाच्या दुखण्यामुळे मला अधूनमधून घेरी येते. गेले कित्येक महिने भाईंदर पश्चिमेतल्या आमच्या सोसायटीचं गेटही मी एकटीनं ओलांडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "चालायला लागा." सासूबाई म्हणाल्या, "मी येते सोबत." त्या सत्तरीच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या; मी त्यांना आईच म्हणते. कोजागिरीच्या सकाळी आम्ही दोघी निघालो.

स्टेशनवरून मोरवा गावापर्यंत रिक्षा मिळते. परतीची मिळेलच असं नाही.

"उधर घूमने को क्या है, आंटी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"हवा!" आई म्हणाल्या.

गावामागे मिठागरं आहेत. त्यांच्यामधून मातीचा बांध खाडीकडे जातो, कडेला तिवरांची झाडी. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चटकतं, तेव्हा टोपी आणि पाणी न्याच. आणि भरतीची वेळ बघून जा. मी बघितली नव्हती. पौर्णिमेला उधाण असतं, हे मुंबईत जन्म काढूनही सुचलं नाही.

परत फिरलो तेव्हा बांधाच्या सखल भागावर पाणी चढत होतं. दोन्ही बाजूंना चकाकतं पाणी, मध्ये वीतभर माती. मी खाली बघितलं आणि सगळं गरगरायला लागलं. मी चिखलात बसकण मारली आणि दोन्ही हातांनी गवत धरलं.

"आई, मला उठता येत नाहीये."

"उठू नको. रांगत चल गो."

"मी पडणार पाण्यात!"

त्या माझ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, साडी खोचली आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालायला लागल्या. "बा देवा म्हाराजा! ही माझी सून आज वाटेत अडलीय, तिच्या अंगात बळ घाल रे म्हाराजा!" मग मागे वळून माझ्यावर खेकसल्या, "अगं, होय म्हण की!"

गावी पालखीपुढे गाऱ्हाणं चालतं तेव्हा मी लांब उभी राहून मोबाईलवर शूटिंग करते. इथे लांब जायला जागा नव्हती.

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले आणि एक गुडघा पुढे टाकला.

"तिला घरी सुखरूप ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुसरा गुडघा.

मनगटापर्यंत पाणी आलं. मी रडत होते, पण ओ देत होते. नाक चिखलाजवळ, म्हणून तेवढंच दिसत होतं: एक नांगी मोठी असलेले बोटभर खेकडे, शेकडो, बिळांच्या तोंडाशी उभे राहून ती लाल नांगी हलवत होते. पाणी आलं की आत, ओसरलं की बाहेर. चिखलातल्या निवट्या मासोळ्या टुणकन उडत होत्या. डोकं गरगरत असतानाही मी थांबून बघत राहिले. इतकं सगळं जिवंत होतं इथे!

"बघत काय बसलीस? चल!"

कोरड्या मातीवर पोचलो तेव्हा गावातली एक बाई धावत आली. "काय झाला गो? पाण्यात परली काय?"

"न्हाय," आई म्हणाल्या, "चालत आली." आणि मटकन तिथेच बसल्या.

घरी गुडघ्यांना हळद लावताना मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली तर! मला पोहता कुठं येतं? म्हणून तर ओरडत होते."

देव ऐकतो का, मला अजून ठाऊक नाही. घेरीही गेलेली नाही. पुढच्या रविवारी आई चपला घालून दारात उभ्या राहिल्या. मी भरतीची वेळ बघितली आणि कठडा धरून त्यांच्यामागे जिना उतरले.