काकांच्या विमानाचा पंखा

धामापूरच्या तळ्यापासून मालवणच्या बंदरापर्यंत माझ्या मावशीच्या नवऱ्याइतका पत्र्यापायी वेडा झालेला माणूस दुसरा झाला नाही, आणि देवाची दया असेल तर पुढेही होणार नाही. मुंबईच्या कारखान्यात फिटरकी करून गावी परतलेली माणसं आंब्याची कलमं लावतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरून भांडतात. आमच्या काकांनी समुद्रातून विमान काढलं. महायुद्धात पडलेलं ते लढाऊ विमान आमच्या मच्छीमारांची जाळी फाडायचं आणि शिव्या खायचं. काकांनी रिकामी पिंपं बांधून ते वर आणलं, मांगरातली म्हैस बाहेर काढली आणि तिच्या जागी ते नेऊन ठेवलं. मावशी एवढंच म्हणाली, "म्हस दूध तरी देय होती. ह्यां काय देतलां?"

परवानगीसाठी काका कचेऱ्या हिंडले. एका कचेरीत सांगितलं, समुद्रातून आलं म्हणजे ही मासळीच. दुसरीत म्हणाले, भंगार. तिसरीतल्या साहेबांनी शुद्ध मराठीत मूळ मालकाचं ना-हरकत पत्र मागितलं. "साहेब, मूळ मालक विमान टाकून गेले," काका म्हणाले. "मग त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडा," साहेब म्हणाले, आणि चहाला गेले.

बरं, विमान तरी अख्खं कुठे होतं! वर्षानुवर्षं जाळ्यात आलेले त्याचे तुकडे गावाने केव्हाच कामाला लावले होते. कुणी पंखाच्या पत्र्यावर आमसुलं वाळवत होतं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं होतं. काका टेप घेऊन घरोघर फिरत. एकदा तर बाराव्याच्या जेवणाला गेले आणि भात वाढणाऱ्या यजमानाला म्हणाले, "तुमच्या इहिरीवरचा झाकण माका व्हया." बदल्यात नवा पत्रा स्वतः बसवून देत, म्हणून मार तेवढा खाल्ला नाही.

बारा वर्षांत सगळं जमलं. राहिला तो नाकावरचा पंखा. तो किनाऱ्यावर उंडीच्या झाडाखाली उभा होता, शेंदूर फासलेला. कुठल्याशा जुन्या काळी तो जाळ्यात आला, त्या दिवशी मासळी उदंड मिळाली, झालं! तेव्हापासून तो गावचा राखणदार. त्याला फूल घातल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही.

"मेल्यांनो, तो देव न्हय, पंखो आसा!" काका ओरडले.

"आसांदे," गाव शांतपणे म्हणाला, "आमचो देव पंखो आसा."

काकांना दुसरं काही नको होतं. पंखा बसवायचा आणि विमान एकदा पुरं झालेलं डोळ्यांनी बघायचं. शेवटी ठरलं, गावच्या देवळात देवाचा कौल घ्यायचा. दगडावर चिकटवलेला तांदूळ उजवीकडचा पडला तर पंखा काकांचा, डावीकडचा पडला तर देवाचा. एरवी देवळात गेले तर फक्त घंटेची कडी तपासणारे काका त्या दिवशी आंघोळ करून हात जोडून उभे राहिले. बघून मला हसू आवरेना.

मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो झील, तुजां लेकरू, आज तुज्याकडे मागणा मागता..." "व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. "...आणि ह्या इमानातसून जो कोण दर्यात पडलो, ज्येचा नाव आमका ठावक नाय, ज्येका कोणी पाणी दिल्यान नाय, त्येकाय तुज्या पायाशी जागो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांचा आवाज आला नाही. मी वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. बारा वर्षं या माणसाने एकेक रिवेट मोजली, एकेका स्क्रूसाठी भांडणं केली, आणि आत कोणी बसलं होतं हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

तांदूळ उजवीकडचा पडला. माणसं पाने-हातोडे घेऊन पंखा काढायला उंडीकडे निघाली.

"ऱ्हवांदे," काका म्हणाले.

"कित्या रे? देवान दिल्यान मा?"

"पंखो काढलो तर दर्यात पडलो त्येका फूल खंय घालतलात?"

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

विमान मांगरात तसंच उभं आहे, नाकावर काही नाही. पर्यटक येतात, फोटो काढतात, हसतात. पूर्वी काका त्यांना इंजिनापासून सगळं समजावत. आता आधी शिडी लावून वैमानिकाची बसायची जागा दाखवतात आणि म्हणतात, "हयसर कोणाचो तरी झील बसलेलो."