फिटरच्या घरचा काळा शेला

यवतमाळहून निघालेली नागपूरची एसटी पाऊण तासात कळंबला पोहोचली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोंडांतून कापूस लोंबत होता. भाव इतका उतरला होता की कित्येक शेतांत वेचणीला कोणी आलंच नव्हतं. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून दर्शन घेतलं आणि ऑटोने सात किलोमीटर आत गेलो.

जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टऱ्यांवर मी लिहीत होतो आणि मला प्रज्ञाला भेटायचं होतं. नागपूरला कापडावरचं काम शिकून ती गावी परतली होती आणि झाडांच्या साली, फळं, लोखंड यांपासून रंग काढत होती. दारात तिचे वडील सुखदेव उभे होते. जिनिंग फॅक्टरीत ते आयुष्यभर फिटर होते. दोन हंगामांपूर्वी ती जिन बंद पडली.

"जय भीम, साहेब. पाणी घ्या आधी. बाकीचं मंग."

कामाच्या खोलीत खिळ्याला एक खाकी शर्ट टांगलेला होता. खिशाच्या वरून खांद्यापर्यंत काळ्या दातांची कमान उमटलेली. धंद्याची सुरुवात कुठून झाली, या प्रश्नावर प्रज्ञाने त्या शर्टाकडे बोट दाखवलं.

सुखदेव यांच्या शर्टांवरचे तेलाचे डाग लपावेत म्हणून तिची आई शेवंताबाई ते हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात बुडवून काढत. एकदा भर पावसात सुखदेव जिनची चकती खांद्यावर घेऊन गेले. चकती म्हणजे सरकीपासून रुई ओढून काढणारी, कडेला दात असलेली गोल लोखंडी तबकडी. हिरड्याला ओलं लोखंड लागलं की काळं होतं; त्या ओल्या शर्टावर चकतीचे दात कायमचे उमटले.

"डाग जाईना म्हणून लय बोलणी खाल्ली मी," सुखदेव म्हणाले.

"बोलणीच खाल्ली," आतून शेवंताबाई म्हणाल्या. "जेवण नाई भेटलं त्या दिवशी."

"मी शाळेत वहीच्या कडेले हेच दात काढत बसायची," प्रज्ञा म्हणाली.

जिन भंगारात निघाली तेव्हा सुखदेव यांनी चौदा चकत्या घरी आणल्या होत्या. हिरड्यात भिजवलेलं कापड प्रज्ञा त्या गंजलेल्या चकत्यांना गुंडाळून बांधते. सकाळी सोडलं की काळे दात उठतात. नागपूरच्या एका दुकानदाराला नमुन्याचा एक शेला हवा होता. पसंत पडला तर तो बारा घेणार होता. नाही पडला तर पुढच्या महिन्यापासून प्रज्ञा नागपूरला तयार कपड्यांच्या कारखान्यात जाणार होती. तसं तिने तिथे कळवलंही होतं. तो शेला त्या रात्री बांधून दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत नागपूरला जायचा होता.

प्रक्रिया दाखवायला तिने मागच्या पडवीचं दार उघडलं आणि ती तिथेच थांबली. चौदाही चकत्या भिंतीशी ओळीने लावलेल्या होत्या. घासलेल्या, तेल लावलेल्या, चकचकीत, गंजाचा ठिपकाही नसलेल्या.

"बाबा, हे काय केलं तुमी?"

"साफ केल्या. पाव्हणे येऊन राह्यले, अन् फिटरच्या घरी एवढा जंग? लोकं काय म्हणतीन?"

"मले जंगच पाह्यजे होता."

सुखदेव यांनी एक चकती उचलून उजेडात धरली. "चाळीस वर्सांत," ते म्हणाले, "कोनी मले जंग मांगतला नाई."

शेवंताबाईंनी पानं वाढली. ज्वारीची भाकर, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी आणि ठेचा. आमटी उत्तम होती. प्रज्ञाने अर्धीच भाकर खाल्ली. सुखदेव ताटात पाहून जेवत होते.

"ओ," शेवंताबाई त्यांना म्हणाल्या, "त्या दिवशी पावसात नेली, थे चकती जुनी होती का नवी?"

सुखदेव यांचा घास हातात राहिला. "नवी. पेटीतून काढून नेलती."

"मंग तिले कुठं होता जंग?"

प्रज्ञा ताटावरून उठली आणि चिंच भिजत घालायला गेली; कोरं लोखंडही चालणार होतं, फक्त तेल काढायला हवं होतं.

पुढचा तासभर सुखदेव यांनी एका चकतीचं तेल काढलं. राख, धुण्याचा सोडा, कढत पाणी, पुन्हा राख. आंबटाने लोखंड कापडात लवकर उतरावं म्हणून प्रज्ञाने हिरड्यात भिजलेल्या शेल्यावर चिंचेचं पाणी शिंपडलं. चकती कापडात धरायला मी पुढे झालो तेव्हा सुखदेव यांनी मला बाजूला केलं. "दात लागतीन हाताले. सरका." चकती त्यांनी स्वतः धरली आणि दोरी नट आवळावा तशी आवळली. त्या दिवशी मी तिथेच मुक्काम केला.

सकाळी गाठ सोडली. दात उमटले होते, निळसर काळे, शर्टावरच्या दातांपेक्षा रेखीव. एका टोकाला मात्र अंगठ्याएवढी जागा कोरी राहिली होती. तिथे हिरड्याचा फिका पिवळा तेवढा दिसत होता.

"माह्या अंगठ्याचं तेल," सुखदेव म्हणाले. "इतर चकत्या हाताळल्या अन् हात नाई धुतला. मीच बिघडवलं पोरीचं काम."

दुसरा शेला करायला वेळ नव्हता. प्रज्ञाने कोऱ्या जागेवरून एकदा हात फिरवला आणि घडी घातली. "जाऊ द्या तसाच."

दुपारी नागपूरच्या दुकानात मी तो शेला गल्ल्यावर ठेवला. दुकानदाराने तो दारापाशी उजेडात नेला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि कोऱ्या जागेवर स्वतःचा अंगठा टेकवून हे काय म्हणून विचारलं. मी पाहिलं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "बारा पाठवायला सांगा."

तिथूनच प्रज्ञाला फोन लावला. बातमी सांगितली. मग ती कोणाला तरी म्हणाली, "बारा सांगतले." पाठोपाठ मागून सुखदेव यांचा आवाज आला.

"थ्या एकावर डाग आहे म्हणून सांग त्याले! म्हणा, बदलून देतो!"

मी निरोप पोचवला. दुकानदाराने नकारार्थी मान हलवली आणि शेला घडी करून आपल्याकडेच ठेवला.

परतीच्या गाडीत वही काढून मी जिल्ह्यातल्या बंद जिनची यादी पाहत बसलो. या फिटरची जिनही त्या यादीत होती. तिच्यापुढे मी एवढंच लिहिलं: हा माणूस अजून आपल्या कामाची हमी देतो.